रणगाड्यात उकडत असेल

संपादक मित्राने एका कवितासंग्रहावर लिहायला सांगितलं होतं. संग्रह वाचला. बरा आहे. पण त्याच आठवड्यात माझ्या हातात दुसरं एक पुस्तक पडलं आणि रात्रपाळीतल्या जेवणाच्या सुट्टीत मी ते तीनदा वाचलं. त्याला प्रकाशक नाही, प्रस्तावना नाही, मागच्या पानावर कुणा थोर माणसाचा अभिप्राय नाही. दोनशे पानी वही आहे. खाकी कव्हर, त्यावर लेबल, लेबलावर इयत्ता सहावी, तुकडी ब. माझ्या भाचीची. तीतल्या सहा पानांवर 'माझी सहल' असा मजकूर आहे. कवीने मला माफ करावं. मी या सहा पानांची समीक्षा करतोय.

तुम्ही हसाल. हसा. आपण कार्यकर्ते लोक एका कादंबरीवर चार-चार तास भांडतो. बांधिलकी का कलावाद, जाणीव अस्सल का उसनी. चहाचे ग्लास रिकामे होतात, भांडण संपत नाही. आणि ज्या वहीत आपल्या घरातलं लेकरू पहिल्यांदा 'आपला इतिहास' हे दोन शब्द लिहितं ती वही आपण उघडून बघत नाही. खाली सही ठोकतो, परत दप्तरात. मी पण तेच करत होतो.

सहली दोन झाल्या. डिसेंबरात दौलताबादचा किल्ला, जानेवारीत नगरचं रणगाडा संग्रहालय. नगर म्हंजे आता कागदावर अहिल्यानगर, जसं आपलं औरंगाबाद कागदावर छत्रपती संभाजीनगर. आमच्या आजीच्या तोंडात दोन्ही नावं अजून बसलेली नाहीत. सहल झाली की वर्णन लिहायचं, असा नियम. युद्धाचा इतिहास मुलांनी पुस्तकातून घोकू नये, डोळ्यांनी बघावा, हाताने चाचपावा, म्हणून ही सहल असते. कल्पना चांगली आहे. मी तिच्या विरोधात नाही. माझ्या पिढीला तेवढंही मिळालं नाही. आमची सहल म्हंजे पाणचक्की, बीबी का मकबरा आणि पाच वाजता परत.

तर मजकूर. दौलताबादचा किल्ला अभेद्य आहे. पूर्वी त्याला देवगिरी म्हणत. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे. अंधारी वाट शत्रूला फसवण्यासाठी आहे. मेंढा तोफ पाहून आम्हांला अभिमान वाटला. पुढच्या पानावर नगर. रणगाडे पाहून आम्हांला अभिमान वाटला. आम्ही खूप मजा केली. मी गल्लीतल्या आणखी दोन पोरांच्या वह्या मागून आणल्या. तेच. 'अभेद्य' शब्दातली चूक दुरुस्त केलीय ती पण तिन्ही वह्यांत एकाच जागी. फळ्यावरून उतरवलेलं. पन्नासेक लेकरं बसमध्ये कोंबून शंभरावर किलोमीटर नेली, उन्हात फिरवली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांनी एकच बघितलं. अभिमान सुद्धा डिक्टेट केला.

फक्त पाचव्या पानावर, खालून तिसरी ओळ अशी आहे: रणगाड्यात खूप उकडत असेल, माझ्या मामाच्या खात्यात उकडतं तसं. तिच्यावर लाल शाईची आडवी काट. समासात शेरा, 'विषय सोडू नये.'

माझ्या मते सहा पानांत साहित्य म्हणून जे काही आहे ते ही एक ओळ. मामाचं नाव आलं म्हणून म्हणत नाही. उपमा कुठून आली ते बघा. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिथे हवा मुद्दाम दमट ठेवतात, कोरडी पडली की सूत तुटतं. माणूस तुटला तर चालतो. भाचीने खातं आतून कधी बघितलं नाही. तिने माझा शर्ट बघितलाय, घाम वाळून पाठीवर मिठाचा पांढरा डाग उमटतो तो. तेवढ्यावरून ती त्या लोखंडाच्या डब्याच्या आत शिरली. बाकीची पोरं बाहेर उभी राहून तोफेची लांबी लिहीत होती, ही आत जाऊन बसली आणि तिला माणूस दिसला. आणि तिथेच लाल शाई आली.

साप्ताहिक सुट्टीला मी स्वतः नगरला गेलो. म्हटलं ज्या पुस्तकावर पोरीने लिहिलं ते मूळ पुस्तक वाचल्याशिवाय समीक्षा करायची नाही. हे संग्रहालय १९९४ साली उघडलं. नगर हे चिलखती दळाच्या शिक्षणाचं ठाणं, त्यामुळे ते तिथे असणं साहजिक. झाडांमध्ये, उघड्यावर, रणगाडे ओळीने उभे आहेत. रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी आहे. दुसऱ्या महायुद्धातले इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत, जपानी आहेत. १९६५ च्या लढाईत हाती लागलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन आहे. आपला विजयंता आहे.

मी खरं सांगतो, मला भारी वाटलं. मशिनवर काम करणाऱ्या माणसाला मशिन आवडतंच. साखळीचे दात, रिव्हेट, जोड, वेल्डिंग कुठे हाताने झालंय, मी अर्धा तास तेच बघत होतो. पाट्यांवर यंत्राची माहिती आहे, आणि यंत्रांचं संग्रहालय म्हटल्यावर ती असणारच. सैन्याच्या एका दळाने आपली यंत्रं जपून ठेवली, नीट ठेवली. माझी तक्रार त्यांच्यावर नाही. तक्रार आपल्यावर आहे, जे लेकरांना तिथे नेतात आणि पाटी उतरवून घ्यायला लावून परत आणतात. पाटी वाचून दाखवायला मास्तर कशाला लागतो? पाटीवर जे लिहिता येत नाही ते सांगायला मास्तर लागतो.

विजयंताचं घ्या. १९६५ साली मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यातून तो पहिल्यांदा बाहेर पडला. म्हंजे कामगारांनी बनवला. आत चार माणसं. एक चालवणार, एक नेम धरणार, एक हुकूम देणार, आणि चौथा गोळे उचलून तोफेत भरणार. हा चौथा माणूस मला लगेच ओळखीचा वाटला. आमच्या खात्यात बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची, परत भरली की काढायची; डॉफर म्हणतात. ज्याचं नाव कुठल्याच लढाईत येत नाही तो माणूस. पोरांना एवढं सांगितलं असतं तरी प्रत्येकाला घरातलं कुणीतरी आठवलं असतं.

पॅटनपाशी तर अख्खा तास घेता येतो. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणच्या बाजूला, असल उत्तर गावाजवळ, जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक पॅटन फोडणारा माणूस अब्दुल हमीद. १० सप्टेंबरला तिथेच मेला, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे पोरांना माहीत असतं, कधी कधी. पण हा माणूस गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावच्या शिंप्याचा पोरगा होता आणि फौजेत जायच्या आधी बापाबरोबर शिवणाचं काम करायचा, हे किती जणांना सांगितलं जातं? भाचीच्या वर्गात किराडपुऱ्याची, कटकट गेटची पोरं आहेत. त्यांच्या घरात मशिनवर पाय मारणारे बाप आहेत. त्या पोरांनी त्या लोखंडाकडे कसं बघितलं असतं, विचार करा. फळ्यावर मात्र एकच ओळ, शत्रूचा रणगाडा आपण जिंकला. 'आपण' म्हंजे कोण, ते त्या पोरांनी आपापलं समजून घ्यायचं.

आता दौलताबाद.

इथे मला आधी स्वतःला फोडून काढायचंय. मी या किल्ल्यावर चार वेळा गेलो. शाळेतून, मित्रांबरोबर, एकदा पाहुण्यांना घेऊन. चारही वेळा खंदक बघितला, अंधारीत वटवाघळांचा वास घेतला, वर जाऊन वारा खाल्ला, मेंढा तोफेवर हात ठेवून फोटो काढला. आणि पाचव्यांदा जायच्या आधी, परवा, पहिल्यांदा नीट वाचलं की १९३४ साली बाबासाहेब याच दरवाजात उभे होते. आपण जयंतीला भाषणं ठोकतो, आणि आपल्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची आठवणींची छोटी पुस्तिका. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापली. परदेशातल्या विद्यापीठात शिकवतात. आमच्या गल्लीत मला एक प्रत सापडली, ती पण पानं जोडलेली, न फाडलेली.

काय झालं ते थोडक्यात. ती पण सहलच होती, हे आधी लक्षात घ्या. चळवळीतले तीसेक कार्यकर्ते वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघालेले. मुंबईहून नाशिक, तिथून बसने औरंगाबादकडे, निजामाच्या राज्यात. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचं ठरलं. रमजानचा महिना. प्रवासात सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला छोटा हौद, भोवती फरशी. काहींनी तोंड धुतलं, पाय धुतले. मग दरवाजात आले. पहारेकऱ्याला आत जायचं कसं ते विचारत होते तेवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी रागाने विचारलं की हाच का तुमचा धर्म, आणि एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? लोक गप्प झाले. शेवटी आत सोडलं, पण एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर दिला.

आता भाचीची वही परत उघडा. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे. शत्रूला फसवण्यासाठी अंधारी वाट आहे. लढाईचा सगळा बंदोबस्त लिहिलाय. पण खंदक ओलांडून, अंधारी चढून कित्येक फौजा या किल्ल्यात शिरल्या. १२९६ ला खिलजीने यादवांना नमवलं, १३२७ ला तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली, १६३३ ला मोगलांनी घेतला. बंदूक नसलेल्या तीस माणसांना मात्र दरवाजातच अडवलं गेलं, तोंड धुतलं म्हणून. लढाईचा इतिहास शिकवायचा असेल तर हा पण त्याच किल्ल्याचा इतिहास आहे. हत्यारी शिपाई त्या दिवशी काय राखत होता? किल्ला नाही. पाणी.

पण दोस्तहो, इथे एक खड्डा आहे आणि त्यात आपली पोरं आज धडाधड पडायलीत. ही गोष्ट हल्ली काही लोक फार प्रेमाने सांगतात. 'बघा, तुमच्या बाबासाहेबांना मुसलमानांनी अडवलं.' सांगणाऱ्याला हौदाचं काही पडलेलं नसतं, त्याला दाढी दाखवायची असते. बाबासाहेबांनी ही आठवण ज्या पुस्तिकेत सांगितली तीत तिच्या आधी कोण कोण येतं ते तो सांगत नाही. गोरेगावच्या वाटेवर तहानलेली लेकरं येतात, बडोद्याची पारशी खानावळ येते, चाळीसगावला महार पाहुण्याला टांग्यात घेऊन टांगा चालवायला तयार नसलेले टांगेवाले येतात. मुद्दा असा की जो हिंदूला अस्पृश्य तो इथे पारशाला पण अस्पृश्य, मुसलमानाला पण. रोग गावभर पसरलेला. एकाच घराचं दार दाखवायचं आणि बाकी गाव झाकायचं, हा बाबासाहेबांचा वापर झाला, वाचन नव्हे.

मागच्या रविवारी मी अभ्यासिकेतली सतरा पोरं घेऊन गेलो. लालपरीने. तीन मुसलमान घरातली होती. हौदापासून सुरुवात करायची का, मी रात्रभर विचार केला. शेवटी केली, सगळं सांगितलं, वरच्या परिच्छेदासकट. एक मुसलमान पोरगी बराच वेळ गप्प होती. मग विचारते, "दादा, वो बुढ्ढे को किसी ने बोला नहीं क्या, रमजान है करके?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण असा प्रश्न मला कुठल्या व्याख्यानात ऐकू आला नाही.

त्याच दिवशी आमच्या गल्लीतले दगडकाम करणारे काका बरोबर होते. वडार समाजाचे. खंदकापाशी मी लढाईचं सांगायला तोंड उघडलं, तर काका कठड्यावरून वाकून समोरच्या कातळाकडे बघत होते. म्हणाले, "हे बघा रे, इथं छिन्नी तिरपी धरलीय. वरून खाली मारत आलेत. इथं माणूस बदललाय, घाव बदलला." पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली, मला कुणी विचारेना. किल्ल्याच्या गोष्टीत एक दंतकथा आहे. खिलजीच्या वेढ्यात धान्याची म्हणून वर नेलेली पोती फोडली तर मीठ निघालं, असं सांगतात. काका म्हणाले, उचलणाराला तेव्हाच कळलं असणार. मिठाचं पोतं अन् धान्याचं पोतं पाठीला वेगळं लागतं. त्याला कुणी विचारलं नसेल.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. संग्रहालय वाचायची ही एक रीत आहे आणि ती आपल्या लोकांकडे आहे. पाठीवर, हातात आहे. तिला शाळेत 'विषय सोडणे' म्हणतात.

आता जो रणगाडा आपल्या स्वतःच्या दारात आला होता त्याचं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. फौजेचं नाव ऑपरेशन पोलो, लोकांचं नाव पोलीस अॅक्शन. औरंगाबादच्या बाजूने जी फौज आली तीत शिखांची पलटण होती, जोधपूरची पलटण होती आणि १८ व्या कॅव्हलरीचे रणगाडे होते. ते जालन्यापर्यंत आले. आजी जालन्याच्या बाजूच्या खेड्यातली. तेव्हा आठेक वर्षांची. तिला तारीख माहीत नाही. ती सांगते, "रझाकारांच्या भेवानं आमी जवारीत लपलो व्हतो. मग रस्त्यावरून लोखंडाचा खडखडाट आला. बा म्हणला, आता सुटलो. मग दोन दिसांनी दुसऱ्यांच्या भेवानं शेजारचा मुलानी आमच्या जवारीत लपला."

यातला पहिला अर्धा भाग सतरा सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्रामाच्या स्तंभापाशी झेंडावंदनाला सांगितला जातो. तो खरा आहे. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, त्याला पांघरूण घालायची गरज नाही. दुसरा अर्धा भाग पण खरा आहे. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती, तिने त्यानंतरच्या कत्तलीत सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात वाईट चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. आणि आपला स्वतःचा कोपरा? शामसुंदरांसारखे आपले पुढारी निजामाच्या बाजूला गेले होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर बजावलं की निजामाची बाजू घेऊ नका. या मधल्या फटीत आमच्या आजीसारखी माणसं जवारीत बसून होती. आजी अजून बसलेली आहे, ओट्यावर, पायाला तेल लावत. तिच्यापर्यंत सहल न्यायला बस लागत नाही. पण अशी माणसं फार उरली नाहीत.

भाचीने आणखी एक सांगितलं, वहीत नाही ते. बसमध्ये नगरच्या किल्ल्याची गोष्ट निघाली. १९४२ ते १९४५ नेहरू, पटेल, आझाद तिथे कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. तेव्हा एक पोरगा मागच्या सीटवरून म्हणाला, "तुमचे बाबासाहेब तेव्हा इंग्रजांकडे नोकरीला होते." पोरगी घरी येऊन रडली नाही, पण दोन दिवस बोलली नाही.

आपल्यापैकी किती जण तिला नीट उत्तर देऊ शकतील? शिवी नव्हे, उत्तर. मी दिलं ते असं. होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. हिटलर जिंकला तर स्वातंत्र्यच काय, माणूसच उरणार नाही असं त्यांचं मत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मुंबईच्या गिरण्या फौजेसाठी खाकी विणत होत्या तेव्हा त्या विणणाऱ्याच्या बाजूने दिल्लीत बसलेला माणूस ते. कारखान्याचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणणारं १९४६ चं बिल त्यांनी मांडलं. मामा रविवारी घरी असतो त्यात त्या बिलाचा वाटा आहे. आणि हे पण सांगितलं की त्याच युद्धात, १९४३ ला, बायांनी कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरू नये ही बंदी सरकारने उठवली आणि सभागृहात ती बाजू मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना मांडावी लागली; १९४६ ला बंदी परत आली. ताई म्हणाली हे कशाला सांगतोस पोरीला. मी म्हटलं, उद्या दुसरं कुणीतरी मागच्या सीटवरून सांगेल म्हणून.

याच कारणाने भीमा कोरेगावबद्दल पण बोलतो, मार खायची तयारी ठेवून. एक जानेवारीला आपण पोरं घेऊन जातो. ते आपलं उघड्यावरचं संग्रहालय. १९२७ च्या एक जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले होते आणि त्यामुळेच ते आपलं झालं. पण आपण पण डिक्टेशनच देतो. पाचशेंनी अठ्ठावीस हजार कापले. पोरगं पाठ करतं, परत येतं, स्तंभावर काय कोरलंय ते बघत नाही. कंपनीची माणसं आठशेच्या वर होती. पेशव्यांची सगळी फौज लढाईत उतरली नव्हती. स्तंभावर एकोणपन्नास नावं आहेत आणि त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. बावीस! दोनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजाचं नाव दगडावर कोरलेलं दुसरं कुठे दाखवाल? त्याला बोट लावून एकेक अक्षर वाचायला लावा पोराला. बाकीची नावं पण वाचू द्या, मराठ्यांची, रजपुतांची, मुसलमानांची. आणि पुढचं पण सांगा. ज्या इंग्रजाने हा स्तंभ उभारला त्यानेच १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी १८९४ ला अर्ज केला. १९१७ ला युद्धाला माणूस कमी पडला तेव्हा १११ महार पलटण उभी केली, गरज सरली तशी मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला परत महार रेजिमेंट. दगडावर नाव कोरणं आणि दारातून हाकलणं, दोन्ही एकाच हाताने केलं. ही गोष्ट अभिमानाच्या एका वाक्यात बसत नाही म्हणून आपण ती सांगत नाही, शाळेसारखंच.

जपानात शाळेच्या सहली हिरोशिमाला जातात. तिथलं संग्रहालय १९५५ चं. त्यात लेकरांना एक करपलेला जेवणाचा डबा दाखवतात, एक तीनचाकी सायकल दाखवतात. शाळेच्या पोराचा डबा, आत जळून कोळसा झालेलं जेवण. मी फोटो बघितला आणि मला माझा स्वतःचा डबा आठवला. शिकवायचं ते असं, असं मी मनात म्हटलं. मग पुढे वाचलं. त्याच हिरोशिमात जबरदस्तीने कामाला आणलेली कोरियन माणसं पण बॉम्बमध्ये मेली होती. त्यांचा स्मृतिदगड १९७० ला उभा राहिला, तो बागेच्या बाहेर. आत घ्यायला १९९९ उजाडलं. च्यायला, म्हंजे मेल्यावर, अणुबॉम्बने मेल्यावर पण, गावकुसाबाहेर.

शाळेवर राग काढून काही होणार नाही. ज्या बाईंनी ती ओळ काटली त्यांच्यावर पन्नास वह्या, दोन तास आणि वरून येणारा तपासणीवाला. त्यांना मी भेटलो. वाईट नाहीत. म्हणाल्या, "परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातात हो दादा." खरं आहे. मार्क जातात. म्हणून मार्क न देणारी वही आपण द्यायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अभ्यासिकेतून निघायचं, सोनेरी महाल, महानगरपालिकेचं शिवाजी महाराज संग्रहालय, विद्यापीठाचं इतिहास संग्रहालय, एक-एक. शिवाजी महाराज संग्रहालयात जुनं चिलखत आहे आणि जुनी पैठणी आहे. चिलखतापुढे सगळे थांबतात. पैठणी विणणाऱ्याच्या घरातलं कुणी बरोबर घेता येईल का ते बघतोय. पाटी वाचायची, उतरवायची नाही. 'अभिमान' हा शब्द लिहायचा असेल तर कशाचा, ते पुढच्या ओळीत लिहायचं. कुणाला बरोबर यायचं असेल तर बसभाडं आपलं आपण.

भाचीने काटलेली ओळ कच्च्या वहीत परत लिहिलीय. खाली एक नवीन ओळ आहे: रणगाड्यातली माणसं पाणी कुठून पितात? मला माहीत नाही. आमच्या मागच्या गल्लीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. ते रणगाड्यात नव्हते, पायदळात होते, पण पाण्याचं त्यांना माहीत असेल. त्यांनी रविवारी चार वाजता या म्हणून सांगितलंय.